खाद्यविषयक मालिका व चित्रपट सलग पाहणे

खाद्यविषयक मालिका व चित्रपट सलग पाहणे म्हणजे स्वयंपाक, आचारी, खानावळी किंवा खाद्यभ्रमंती हा मुख्य विषय असलेल्या कार्यक्रमांचे अनेक भाग, अथवा अशा विषयावरील एकामागून एक चित्रपट, एकाच बैठकीत किंवा थोड्या दिवसांत पाहून संपवणे. इंग्रजीत सलग पाहण्याच्या या सवयीला बिंज-वॉचिंग म्हणतात. कॉलिन्स शब्दकोशाने २०१५ साली या शब्दाची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली होती. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. बोलताना मात्र एखाद्या मालिकेचा ‘फडशा पाडला’ असे सहज म्हटले जाते. जेवणाच्या पानाला आणि मालिकेला एकच क्रियापद लावण्याची सोय मराठीत आधीपासूनच होती.

प्रस्तुत लेखात या सवयीचा विचार मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे. मराठीत खाद्यविषयक कार्यक्रम आरंभी शिकण्यासाठी पाहिले जात. पाहणे संपल्यावर करणे हे गृहीत होते. ही साखळी पुढील काळात सैल होत गेली आणि आज असे कार्यक्रम पाहणाऱ्यांपैकी अनेक जण त्यातील एकही पदार्थ करण्याच्या विचाराने पाहत नाहीत. नाशिक शहरातील गंगापूर रस्त्याच्या परिसराचे उदाहरण पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

पार्श्वभूमी

पाककृती दुसऱ्याकडून शिकण्याचे साधन प्रथम घरातील वडीलधारी स्त्री होती आणि नंतर पुस्तक झाले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. यातील सूप म्हणजे उपाहारगृहात जेवणाआधी येणारा पेयपदार्थ नव्हे; संस्कृतात सूप म्हणजे वरण-आमटीसारखा पातळ पदार्थ आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० मधील आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) घराघरांत स्थान मिळवले. वाटी आणि चमचा या घरातल्याच मापांत दिलेले प्रमाण हे त्याच्या यशाचे एक कारण मानले जाते. नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीला ते भेट देण्याची पद्धत पडली आणि परदेशी निघालेल्या मराठी कुटुंबांच्या सामानातही ते जाऊ लागले.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरील महिलांसाठीच्या कार्यक्रमांत पाककृतींनाही जागा असे. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. तोवर पडद्यावरील हळद, तिखट आणि कोथिंबीर करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांतच दिसत असत. फोडणी करपली की खमंग झाली, हे डोळ्यांना कळण्याचा मार्ग नव्हता, ते शब्दांनीच सांगावे लागे. त्यामुळे त्या काळातील पाककृतीचे प्रक्षेपण बरेचसे ऐकण्याचे होते. प्रेक्षक वही-पेन्सिल घेऊन बसत, प्रमाण लिहून घेत, आणि एखादे माप निसटले तर शेजारणीच्या वहीत पाहून पूर्ण करत. कार्यक्रम एकदाच लागे. तो सलग पाहण्याचा प्रश्नच नव्हता, चुकला तर गेला.

उपग्रह वाहिन्या आल्यावर हे बदलले. झी टीव्ही १९९२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९९३ मध्ये तिच्यावर ‘खाना खजाना’ हा हिंदी कार्यक्रम आला. पुढे चित्रपटदिग्दर्शक म्हणून प्रसिद्धी पावलेले हंसल मेहता त्याच्या निर्मितीत होते आणि सूत्रसंचालक होते संजीव कपूर. हसतमुख, नीटनेटका, पांढऱ्या कोटातील व्यावसायिक आचारी घरातील गृहिणीशी बोलतो, ही मांडणी मराठी प्रेक्षकांनाही याच कार्यक्रमाने परिचित केली. त्याच वर्षी अमेरिकेत फूड नेटवर्क ही केवळ खाद्यपदार्थांना वाहिलेली वाहिनी सुरू झाली, तर जपानमध्ये ‘आयर्न शेफ’ या कार्यक्रमाने स्वयंपाकाला कुस्तीच्या आखाड्याचे रूप दिले. भारतात अशा स्वतंत्र वाहिन्या पुढील सुमारे दीड दशकानंतर आल्या. संजीव कपूर यांची फूडफूड वाहिनी २०११ मधील. दिवसभर फक्त खाद्यविषयक कार्यक्रम लागणे ही सलग पाहण्याची पहिली पायरी होय. एक संपला की दुसरा आपोआप लागे. फक्त निवड प्रेक्षकाची नसे.

मराठी वाहिन्यांवरील कार्यक्रम

झी मराठीवरील ‘आम्ही सारे खवय्ये’ २००७ मध्ये सुरू झाला आणि दुपारच्या वेळेतील मराठी दूरचित्रवाणीचा तो बराच काळ ठरलेला भाग राहिला. अभिनेते प्रशांत दामले त्याचे सूत्रसंचालन करत. पुढील काळात संकर्षण कऱ्हाडे यांनीही ही जबाबदारी सांभाळली. या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे, की पदार्थ करणारी व्यक्ती सहसा व्यावसायिक नसे. एखाद्या गावातील वा उपनगरातील गृहिणी आपला ठेवणीतला पदार्थ घेऊन येई आणि सूत्रसंचालक विनोद करत, मधूनच वाटी पुढे करत, शेवटी चव घेऊन दाद देई. ‘खाना खजाना’त शिकवणारा पडद्यावर होता आणि शिकणारी घरी होती. येथे शिकवणारी घरातून आलेली होती. अनेक स्त्रियांना आपल्या स्वयंपाकाबद्दल चार लोकांसमोर मिळालेली ही पहिली जाहीर दाद असावी. कृतीइतकेच, किंबहुना कधी कधी कृतीहून अधिक, महत्त्व गप्पांना आले, आणि वही घेऊन न बसताही कार्यक्रम पाहता येऊ लागला.

ई-टीव्ही मराठीवरील, म्हणजे नंतरच्या कलर्स मराठीवरील, ‘मेजवानी’ या मालिकेने नागपूरचे विष्णू मनोहर यांच्यासारख्या आचाऱ्यांना राज्यभर ओळख मिळवून दिली. मनोहर यांनी २०१७ च्या एप्रिलमध्ये नागपुरात पन्नास तासांहून अधिक काळ सलग स्वयंपाक करण्याचा उपक्रम केला होता. प्रेक्षकाच्या सलग पाहण्याची चर्चा नेहमी होते, आचाऱ्याच्या सलग राबण्याची एवढी जाहीर नोंद क्वचितच झाली आहे.

यानंतरच्या कार्यक्रमांत शिकवण्याचा हेतू आणखी मागे पडला. झी मराठीवर २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या ‘किचन कल्लाकार’ मध्ये कलावंत मंडळी स्वयंपाकघरात उतरून गंमत करत आणि प्रशांत दामले महाराजांच्या वेषात न्यायनिवाडा करत. स्टार प्रवाहवरील ‘शिट्टी वाजली रे’ (२०२५) याच वळणाचा. पदार्थ बिघडणे हा येथे कार्यक्रमाचा दोष नसून आकर्षण आहे. कौटुंबिक मालिकांनीही स्वयंपाकाचा कथानकासाठी उपयोग केला. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) मध्ये नाशिकच्या अनिता दाते यांनी साकारलेली नागपूरची राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभारून स्वतःच्या पायांवर उभी राहते.

चित्रपट

हिंदीतील ‘बावर्ची’ (१९७२) हा हृषीकेश मुखर्जी यांचा चित्रपट तपन सिन्हा यांच्या ‘गल्प होलेओ सत्ती’ (१९६६) या बंगाली चित्रपटावर आधारलेला आहे. त्यात स्वयंपाकी हे विस्कटलेले कुटुंब सांधण्याचे निमित्त आहे. अन्न स्वतः फारसे दिसत नाही. अन्न हाच ज्यांचा विषय आहे अशा जागतिक चित्रपटांत जपानचा ‘टॅम्पोपो’ (१९८५), डेन्मार्कचा ‘बाबेट्स फीस्ट’ (१९८७) आणि तैवानमधील ‘ईट ड्रिंक मॅन वुमन’ (१९९४) यांची नावे नेहमी घेतली जातात. ‘बाबेट्स फीस्ट’ला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. या विषयावरील चित्रपट ओळीने पाहायला बसणाऱ्याच्या यादीत हे तीन बहुधा असतातच.

मराठी मातीशी जोडलेले तीन चित्रपट येथे विशेष नोंदवण्याजोगे आहेत. अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ (२०११) हिंदीत आहे. शाळेत डबा न आणणाऱ्या मुलाची ही गोष्ट, दुसऱ्यांच्या डब्यांवर डोळा ठेवणारा शिक्षक स्वतः गुप्ते यांनी रंगवला आहे. मुलांची शाळा बुडू नये म्हणून चित्रीकरण शनिवारच्या कार्यशाळांतून करण्यात आले. डब्यातील पदार्थ तोंडाला पाणी सुटावे असे टिपलेले आहेत, आणि ज्या मुलामुळे ते आपण पाहतो त्याच्याजवळ त्यातील एकही नाही. शेवटी हाच मुलगा एका खाणावळीत काम करतो हे कळते तेव्हा आधीच्या प्रत्येक डब्याकडे मागे वळून पाहावे लागते.

रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) मुंबईच्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेवर उभा आहे. या व्यवस्थेची सुरुवात १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी केली असे मानले जाते, आणि तिच्यात मुख्यतः मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांतील माणसे आहेत. क्वचितच चुकणारा डबा येथे चुकतो आणि गोष्ट सुरू होते. वरच्या मजल्यावरील देशपांडे आंटी संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाहीत, केवळ भारती आचरेकर यांचा आवाज ऐकू येतो. खालून इला विचारते, वरून सूचना येतात, टोपलीतून मसाला खाली उतरतो. पाककृतीचा कार्यक्रम सुरू होण्याआधी पाककृती कशी पोहोचत असे, याचे इतके नेमके चित्रण दुसरीकडे आढळत नाही.

सचिन कुंडलकर यांचा ‘गुलाबजाम’ (२०१८) हा या विषयावरील प्रमुख मराठी चित्रपट. लंडनमधील बँकेची नोकरी सोडून आदित्य (सिद्धार्थ चांदेकर) पुण्यात मराठी स्वयंपाक शिकायला येतो, आणि डबे करून देणाऱ्या, माणसांपासून दूर राहणाऱ्या राधाकडे (सोनाली कुलकर्णी) शिष्य म्हणून टिकून राहण्याची खटपट करतो. येथे पुरुष शिकणारा आणि स्त्री गुरू आहे. ती सहजासहजी शिकवत नाही. भाजी निवडणे, चिरणे, भांडी घासणे यांतून शिष्याला जावे लागते. बावीस मिनिटांच्या कार्यक्रमात जे कापले जाते, ते या चित्रपटात कथानक झाले आहे. पदार्थांच्या चित्रीकरणाचे कौतुक बरेच झाले, पण त्याची खरी ताकद या संथपणात आहे असे म्हणता येईल.

सलग पाहण्याची सोय

नेटफ्लिक्सने २०१३ च्या फेब्रुवारीत ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ या मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी उपलब्ध करून दिले आणि आठवड्याची वाट पाहण्याची सवय मोडली. ही सेवा भारतात जानेवारी २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी सप्टेंबरात रिलायन्स जिओच्या आगमनानंतर मोबाईलवरील डेटा कमालीचा स्वस्त झाला, आणि लांबलचक दृश्यफिती पाहणे मध्यमवर्गाबाहेरही परवडू लागले. ‘शेफ्स टेबल’ (२०१५), ‘सॉल्ट फॅट ॲसिड हीट’ (२०१८), ‘स्ट्रीट फूड’ (२०१९) या मालिका, जपानची ‘मिडनाईट डायनर’ आणि उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यातील ताणतणाव दाखवणारी ‘द बेअर’ (२०२२) ही सलग पाहिल्या जाणाऱ्या मालिकांची ठळक उदाहरणे.

रहस्यमय मालिका सलग पाहिली जाते ती पुढे काय होणार या ओढीने. खाद्यविषयक मालिकेत ही ओढ बहुधा नसते. प्रत्येक भाग स्वतःत पूर्ण असतो, पदार्थ तयार होतो, कोणीतरी चव घेतो, संपले. कोठेही थांबता येते, आणि नेमके म्हणूनच थांबले जात नाही. अशा मालिका पूर्ण लक्ष मागत नाहीत; जेवताना, भाजी निवडताना, झोप येईपर्यंत त्या सोबत म्हणून चालू असतात. एकट्याने जेवणाऱ्याला समोर कोणीतरी जेवत असल्याचा आधार वाटतो. दक्षिण कोरियात २०१० च्या सुमारास लोकप्रिय झालेल्या मोकबांग या प्रकारात तर कॅमेऱ्यासमोर बसून खाणे एवढाच कार्यक्रम असतो. ‘मास्टरशेफ’सारख्या स्पर्धा याला अपवाद आहेत. त्यांत कोण बाद होणार हे पुढच्या भागापर्यंत लांबवले जाते. मूळ ब्रिटिश असलेल्या या स्पर्धेची हिंदी आवृत्ती स्टार प्लसवर २०१० मध्ये सुरू झाली.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा उपाहारगृहे बंद होती, मालिकांचे चित्रीकरण थांबले होते आणि माणसे घरी होती. पाणीपुरी, केक, पाव असे एरवी बाहेरून आणले जाणारे पदार्थ घरी करून पाहण्याची लाट या काळात आली. पाहणे आणि करणे यांतील तुटलेली साखळी काही महिन्यांपुरती पुन्हा जोडली गेली.

यूट्यूब आणि गावाकडचा स्वयंपाक

मराठीत सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या पाककृती आज वाहिन्यांवर नसून यूट्यूबवर आहेत. मधुरा बाचल यांची ‘मधुराज रेसिपी’ ही वाहिनी त्यांतील सुपरिचित. वाटी-चमच्याचे माप, एकेक पायरी आणि न घाबरवणारा स्वर या बाबतीत ती ‘रुचिरा’च्याच परंपरेत बसते. परदेशातील मराठी घरांत, जेथे आईला फोन करावा तर तेथे मध्यरात्र असते, अशा दृश्यफिती हाताशी असणे मोठी सोय ठरते.

अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही वाहिनी २०२० मध्ये सुरू झाली. नातवाने पावभाजी मागितली, आजींना ती येत नव्हती, नातवाने यूट्यूबवरील कृती दाखवली, आणि ती पाहून याहून चांगली मी करीन असे आजी म्हणाल्या, अशी तिच्या जन्माची हकीकत सांगितली जाते. पाहणारी व्यक्तीच येथे करणारी आणि मग दाखवणारी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ही वाहिनी हॅक झाली होती, ती नंतर परत मिळाली. या वाहिनीच्या यशानंतर चूल, पाटा-वरवंटा आणि शेताच्या बांधावरील जेवण दाखवणाऱ्या मराठी वाहिन्यांची संख्या बरीच वाढली. त्यांचे प्रेक्षक केवळ ग्रामीण भागातील नाहीत. सदनिकेत राहणारा, चुलीच्या धुराने डोळे चुरचुरण्याचा अनुभव नसलेला किंवा तो विसरलेला प्रेक्षकही त्या तितक्याच आवडीने पाहतो.

नाशिक व गंगापूर रस्ता

नाशिक जिल्ह्याचा चित्रपटाशी असलेला संबंध अन्नाच्या वाटेनेही जातो. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी तयार केलेली लघुफीत ‘अंकुराची वाढ’ ही वाटाण्याचे रोप कसे उगवते हे दाखवणारी होती. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मधील तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा फाळक्यांना मुंबईच्या ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. भारतीय कथापटाची पहिली नायिका अशा रीतीने एक आचारी होता. चित्रीकरणाच्या काळात साऱ्या चमूचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करत; फिल्म धुण्या-विकसित करण्याच्या कामातही त्यांचा हात होता. त्यानंतर फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला आणि ‘मोहिनी भस्मासुर’ तेथे तयार झाला.

गंगापूर रस्ता अशोकस्तंभापासून पश्चिमेकडे निघतो आणि के. टी. एच. एम. महाविद्यालय, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर या क्रमाने गंगापूर गाव व धरणाकडे जातो. महाविद्यालये, शिकवण्या, भाड्याच्या खोल्या, मेस आणि उपाहारगृहे यांची या रस्त्यावर व त्याच्या आजूबाजूला दाटी आहे. धरणाजवळच्या गोवर्धन परिसरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि नाशिकच्याच ग्रामीण तालुक्यांतून आलेला विद्यार्थी खोलीवर मेसचा डबा उघडतो आणि शेजारी मोबाईल उभा करून कोणाचे तरी झणझणीत जेवण पाहत तो डबा संपवतो, हे चित्र येथे अपरिचित नाही. समोर पातळ वरण, पडद्यावर शेवभाजी. पदार्थ करण्यासाठी त्याच्याकडे गॅस नसतो, अनेकदा घरमालकाची परवानगीही नसते. पाहणे हाच त्याचा घराशी उरलेला खाद्यसंबंध असतो. अशा प्रेक्षकाला निव्वळ आळशी वा चटोर ठरवणे योग्य होणार नाही.

रस्त्याचे दुसरे टोक पडद्यावर अधिक दिसते. नाशिकची मिसळ, म्हणजे मटकीची उसळ, फरसाण, वेगळ्या भांड्यात आलेला लाल वा काळा रस्सा, कांदा, लिंबू, सोबत दही आणि पापड, ही खाद्यभ्रमंतीच्या दृश्यफितींची आवडती नायिका आहे. गंगापूर व सातपूर यांच्या दरम्यानच्या मळ्यांत झाडांखाली बाके मांडून चुलीवरची मिसळ देणारी ठिकाणे रविवारी सकाळी भरतात, आणि ताट आल्यावर हात धुण्याआधी मोबाईल बाहेर निघतो. रश्शाचा तवंग हलताना दिसावा म्हणून तो वरून ओतण्याची दृश्ये पुन्हा पुन्हा घेतली जातात. त्याच दिशेला गंगापूर–सावरगाव रस्त्यावर सुला विनयार्ड्सचे आवार आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने २००५ मध्ये पर्यटकांसाठी वाईन चाखण्याची खोली सुरू केली आणि द्राक्षमळा हा नाशिकच्या खाद्यचित्रणाचा ठरलेला देखावा झाला.

याच जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर या आदिवासीबहुल तालुक्यांतील नागलीची भाकरी, रानभाज्या, कुळथाचे पदार्थ मात्र पडद्यावर फार कमी येतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केल्यावर नागलीला काही काळ प्रसिद्धी मिळाली, पण ती बहुतांशी आरोग्यदायी बिस्किटे आणि डोशांच्या रूपात. नागली पिकवणाऱ्याच्या ताटात ती कशी असते, हे दाखवण्याची गरज फारशी वाटली नाही.

काय दाखवले जाते, काय गाळले जाते

पडद्यावरील स्वयंपाकात कांदा चिरलेलाच असतो. वाटण वाटून, डाळ भिजवून, मसाले छोट्या वाट्यांत मोजून ठेवलेले असतात. शिजायला चाळीस मिनिटे लागणारा पदार्थ ‘आधीच करून ठेवलेल्या’ दुसऱ्या भांड्यातून क्षणात बाहेर येतो. भांडी घासणे कधीच दिसत नाही. यात फसवणूक आहे असे नव्हे, प्रक्षेपणाच्या वेळेची ती गरज आहे. परंतु असे शेकडो भाग सलग पाहणाऱ्याच्या मनात स्वयंपाकाचे जे चित्र तयार होते त्यातून श्रम पुसले जातात. केंद्र सरकारच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामूल्य घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर सहभागी पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २६.१ टक्के होते. पडद्यावरील नामांकित आचाऱ्यांत मात्र पुरुषांची संख्या ठळक आहे.

जिओ बेबी यांच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ (२०२१) या मल्याळम चित्रपटाने नेमका हाच गाळलेला भाग पडद्यावर आणला. त्यात चिरणे, वाटणे, उष्टे काढणे, तुंबलेली मोरी साफ करणे हे पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत दिसते. खाद्यपदार्थांच्या चित्रपटांचे सगळे दृश्यसंकेत, जवळून टिपलेले हात, फोडणीचा चर्र आवाज, त्यात आहेत. पण हळूहळू त्यांचा आनंद देणे थांबते. ‘मिसेस’ (२०२५) हे आरती कडव यांनी दिग्दर्शित केलेले त्याचे हिंदी रूपांतर.

जातीचा प्रश्न याहून अवघड आहे. मराठी वाहिन्यांवरील ‘पारंपरिक’ किंवा ‘अस्सल मराठी’ जेवण बहुतेक वेळा पुरणपोळी, अळूची भाजी, थालीपीठ, फार तर कोंबडीचा रस्सा आणि कोकणातील मासे एवढ्यात आटोपते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. सर्वपरिचित वचनात एक अक्षर वाढवून केलेले हे नावच पुस्तकाची भूमिका सांगते. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. तेल-तुपाची चैन नसलेल्या, वाट्याला आलेल्या मांसाचा प्रत्येक भाग वापरणाऱ्या या स्वयंपाकाच्या कृती त्यात आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मुंबईत केलेला ‘कास्ट ऑन द मेन्यू कार्ड’ हा माहितीपट जात आणि गोमांसभक्षण यांचा संबंध मांडतो. २०१५ मध्ये दिल्लीतील एका महोत्सवात तो दाखवण्यास केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने परवानगी नाकारली. एखाद्या खाद्यसंस्कृतीचे पडद्यावर नसणे हे प्रत्येक वेळी केवळ दुर्लक्षामुळेच असते असे नाही, हे या प्रकरणातून दिसते.

आरोग्यविषयक अभ्यास

अन्नाची चित्रे पाहून भूक चाळवते हा सार्वत्रिक अनुभव आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मधील एका शोधनिबंधात यासाठी ‘दृश्य भूक’ या अर्थाची संज्ञा वापरली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पाककृतीचा कार्यक्रम पाहणाऱ्यांनी निसर्गविषयक कार्यक्रम पाहणाऱ्यांपेक्षा चॉकलेटच्या गोळ्या अधिक खाल्ल्या. उलट दिशेचाही पुरावा आहे: नेदरलँड्समधील पाच शाळांतील १० ते १२ वर्षांच्या १२५ मुलांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पौष्टिक पदार्थ करून दाखवणारा कार्यक्रम पाहिलेल्या मुलांनी नंतर खाऊ निवडताना पौष्टिक पर्यायाकडे अधिक कल दाखवला. म्हणजे परिणाम केवळ पाहण्याचा नाही, काय पाहिले याचाही आहे.

या क्षेत्रातील निष्कर्ष सावधपणे वापरावे लागतात. पाहताना माणूस किती खातो यावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॅन्सिंक यांचे अनेक शोधनिबंध मागे घेण्यात आले. मारधाडीचे चित्रण पाहताना अधिक खाल्ले जाते असे सांगणारा, वृत्तपत्रांनी उचलून धरलेला निबंध त्यांपैकीच एक होता, आणि तो २०१८ मध्ये रद्द झाला. मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत असे दावे अधूनमधून अजूनही छापून येतात.

अमेरिकी लेखक मायकेल पोलन यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकात लिहिलेल्या दीर्घ लेखात एक विसंगती दाखवली होती: अमेरिकी माणूस स्वयंपाकाला दिवसाकाठी सरासरी २७ मिनिटे देतो, म्हणजे १९६३ मध्ये ज्युलिया चाइल्ड यांचा ‘द फ्रेंच शेफ’ सुरू झाला तेव्हाच्या निम्म्याहून कमी, आणि त्याच काळात पाककृतीचे कार्यक्रम मात्र वाढत गेले. भारतातील आकडे याला जुळत नाहीत. येथे अजून बहुतेक घरांत रोज स्वयंपाक होतो. फरक एवढाच, की पुष्कळ घरांत तो करणारी व्यक्ती ओट्यापाशी असते आणि पाककृतीचा कार्यक्रम बाहेरच्या खोलीत चालू असतो.